स्मॉग चेकला नापास झालेली गाडी दान करायची तर : कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी

आमची कोरोला २००४ सालची. मुलाला हॉस्पिटलमधून घरी आणलं ते तिच्यातून. आई-बाबा पहिल्यांदा पुण्याहून आले तेव्हा सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरून त्यांना आणलं तेही तिच्यातूनच. स्मॉग चेकवाल्याने, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी करणाऱ्याने, कागद हातात ठेवला आणि त्यावर ‘फेल’ छापलेलं दिसलं, तेव्हा खरंच पोटात तुटलं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. मग आम्हीही तेच ठरवलं जे अशा वेळी बहुतेक घरांत ठरतं : एखाद्या चांगल्या संस्थेला देऊन टाकू, गाडी सत्कारणी लागेल आणि करही वाचेल.

गाडी दिली. कर एक पैसाही वाचला नाही, संस्थेच्या हाती फार थोडी रक्कम पडली, आणि चार महिन्यांनी त्या गाडीच्या टोलची नोटीस आमच्या पत्त्यावर आली. काही वर्षांनी आमची दुसरी गाडी होंडा ओडिसीही स्मॉगला नापास झाली. त्या वेळी मात्र मी प्रत्येक पायरी आधी समजून घेतली आणि मगच हात घातला. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, ओळखीच्या तीन-चार घरांना हेच फोनवर सांगून झालंय, म्हणून आता एकदा नीट लिहून काढते.

नापास कशामुळे, ते आधी वाचा

भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी थोडक्यात : स्मॉग चेक म्हणजे आपलं पीयूसीच, पण इथे ते डीएमव्ही या राज्याच्या वाहन खात्याच्या रजिस्ट्रेशनला बांधलेलं आहे. पेट्रोलची गाडी आठ मॉडेल-वर्षांपेक्षा जास्त जुनी झाली की साधारण दर दोन वर्षांनी करावं लागतं. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना माफ आहे, इलेक्ट्रिक गाड्यांना लागत नाही, हायब्रिडना लागतं. पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनचा नवा स्टिकर मिळत नाही.

तपासणीनंतर जो कागद मिळतो, व्हेइकल इन्स्पेक्शन रिपोर्ट, तो घडी करून ग्लव्ह बॉक्समध्ये टाकू नका. गाडीचं पुढे काय करायचं ते त्या कागदावरून ठरतं. २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नळीत यंत्र घालत नाहीत. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला केबल जोडून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. म्हणून रिपोर्टमध्ये धुराच्या आकड्यांऐवजी कोड दिसतात, आणि कोडाकोडांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पी०४५५ असेल तर पेट्रोलच्या वाफा कुठून तरी सुटताहेत. कधी कधी त्याचं कारण फक्त टाकीचं झाकण असतं. आमच्या शेजारणीची गाडी याच कोडवर नापास झाली होती. झाकण उघडून बघितलं तर आतल्या रबरी रिंगला नखाएवढी चीर. नवीन झाकण वीसेक डॉलरला आलं, गाडी पास झाली आणि अजून चालते आहे. ती गाडी दान करायला निघाली होती!

‘मॉनिटर्स इन्कम्प्लीट’ असं लिहिलेलं असेल तर गाडी बिघडलेली आहे असंही म्हणता येत नाही. बॅटरी नुकतीच बदलली असेल किंवा कोणी कोड पुसले असतील, तर गाडीच्या कॉम्प्युटरची स्वतःची तपासणी अर्धवट राहिलेली असते. आठवडाभर शहरात आणि फ्रीवेवर मिळून चालवा आणि परत जा. कोड पुसून लगेच पास करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. १ जुलै २०१९ पासून २०१० आणि नंतरच्या गाड्यांत असे कोडही तपासले जातात जे पुसून जात नाहीत. बिघाड खरोखर दुरुस्त झाला आणि गाडीने तो स्वतः तपासला की मगच ते निघतात.

पी०४२० आला असेल तर गोष्ट खर्चाची. या कोडाचा अर्थ धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. कॅलिफोर्नियात दुसऱ्या राज्यातला स्वस्त कन्व्हर्टर बसवून चालत नाही, इथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाने मंजूर केलेलाच लागतो, आणि जुन्या गाडीच्या मानाने तो महाग पडतो. आमच्या दोन्ही गाड्या याच कोडवर गेल्या. ओडिसीला मेकॅनिकने २,१०० डॉलर सांगितले होते.

दान करायचं पक्कं असलं तरी हे समजून घेण्यात तासभर घालवाच. वीस डॉलरची दुरुस्ती करून पास झालेली गाडी दिली तर संस्थेला तिचे कितीतरी जास्त पैसे मिळतात.

ओळखीच्या विद्यार्थ्याला देऊन टाकण्याआधी

आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे. सॅन होजे स्टेटला कोणाचा तरी भाचा नवीन आला, त्याच्याकडे गाडी नाही, आपली पडून आहे, देऊन टाकू. भावना चांगली, पण स्मॉगला नापास गाडीत त्या मुलाला अडकवू नका. कॅलिफोर्नियात गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना चालू स्मॉग सर्टिफिकेट देण्याची जबाबदारी देणाऱ्याची असते, आणि सर्टिफिकेट ९० दिवसांच्या आतलं लागतं. ‘आहे तशी’ असं लिहून दिलं तरी ती जबाबदारी टळत नाही. पैसे न घेता भेट दिली तरीही नाही. सूट आहे ती पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यातल्या हस्तांतराला. मित्राच्या भाच्याला नाही. आणि व्यक्तीला दिलेल्या भेटीवर करात वजावट मुळीच मिळत नाही.

दानाआधीचा एक फाटा, जो बहुतेकांना माहीत नसतो

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

स्मॉग चेक चालवणारं सरकारी खातं म्हणजे ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर. त्यांचा कन्झ्युमर असिस्टन्स प्रोग्रॅम आहे, त्याला लोक ‘कॅप’ म्हणतात. त्यात दोन गोष्टी मिळतात. घराचं एकूण उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या २२५ टक्क्यांच्या आत असेल, तर धूर कमी करण्याच्या दुरुस्तीसाठी मदत मिळते : १९९६ आणि नंतरच्या गाडीला १,४५० डॉलरपर्यंत, १९७६ ते १९९५ च्या गाडीला १,१०० डॉलरपर्यंत. दुसरी सोय गाडी कायमची मोडीत काढण्याची. स्मॉगला नापास झालेली गाडी त्यांनी ठरवलेल्या डिस्मँटलरकडे नेऊन दिली की १,३५० डॉलर मिळतात. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना २,००० डॉलर. या रकमा सरकार अधूनमधून बदलतं, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी त्यांच्या साइटवर चालू आकडा बघून घ्या.

आता हिशेब मांडा. नापास गाडी संस्थेला दिली की ती लिलावात जाते. तिथे तिला कवडीमोल भाव येतो, त्यातून टोइंगचा आणि लिलाव करणाऱ्या मध्यस्थाचा खर्च वजा होतो, आणि जे उरतं त्यातला वाटा संस्थेकडे जातो. आमच्या कोरोलाला लिलावात ४२५ डॉलर आले, आणि संस्थेच्या हाती प्रत्यक्ष पडले ते त्याहूनही कमी. ओडिसी आम्ही कॅपमध्ये मोडीत काढली, १,३५० डॉलरचा चेक आला, आणि तेवढीच रक्कम आमच्या भागातल्या फूड बँकेला रोख दिली. मध्यस्थ कोणी नाही, कापून घेणारं कोणी नाही. शिवाय नवऱ्याची कंपनी कर्मचाऱ्याच्या रोख देणगीएवढीच रक्कम स्वतःच्या खिशातून घालते. बे एरियातल्या अनेक कंपन्या असं करतात. तुमच्या कंपनीच्या एचआरला विचारा. गाडीच्या दानावर आमच्या कंपनीकडून काही मिळालं नसतं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आहे. लिलावातून कोणी ती गाडी घेईल आणि पुढे तिचं काय करेल, यावर आपला ताबा राहत नाही. कॅपमध्ये गाडी खरोखर मोडतात, ती परत रस्त्यावर धूर सोडत फिरत नाही. आमच्या मुलाला दम्याचा त्रास आहे, आणि सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर उतरतो तेव्हा घरात कोंडून बसावं लागतं. त्यामुळे मला तरी हे कारण पैशांइतकंच मोलाचं वाटतं.

कॅपच्या अटी नीट पाळाव्या लागतात. गाडी तुमच्या वैयक्तिक नावावर हवी आणि कॅलिफोर्नियात सलग दोन वर्षं नोंदलेली हवी. कर्ज शिल्लक नको. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत डिस्मँटलरकडे गेली पाहिजे, टो करून नाही. दारं, काचा, सीट, बंपर असे भाग जागेवर हवेत. आणि मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी गाडी कुठेही देऊ नका, तसं केलं तर पैसे मिळत नाहीत. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात रजिस्ट्रेशनची तारीख आली तर डीएमव्हीची फी वेळेवर भरून टाका. स्मॉग नसलं तरी फी भरता येते आणि उशिराचा दंड टळतो. स्टिकर मात्र येणार नाही. गाडी चालवणं भागच असेल तर नापास स्मॉगवर डीएमव्ही ५० डॉलरमध्ये ६० दिवसांचा तात्पुरता परवाना देतं.

तरीही थेट दान हाच मार्ग योग्य ठरेल अशी कितीतरी घरं आहेत. गाडी सुरूच होत नाही, दोन वर्षं पूर्ण झालेली नाहीत, किंवा महिन्याभरात भारतात परत जायचंय आणि अर्जाच्या मागे लागायला वेळ नाही. यापुढचं सगळं त्यांच्यासाठी.

संस्था निवडताना

दोन प्रकार असतात. काही संस्थांचा गाड्या घेण्याचा कार्यक्रम नियमित चालतो; उदाहरणार्थ आपल्याकडच्या केक्यूईडी रेडिओला गाडी देता येते, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीचाही असा कार्यक्रम आहे. बहुतेक ठिकाणी फोन उचलण्यापासून लिलावापर्यंतचं काम एखादा व्यावसायिक मध्यस्थ करतो. त्यात गैर काही नाही, फक्त तो किती कापतो ते विचारायला हवं. दुसरा प्रकार म्हणजे गाड्या स्वतः दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देणाऱ्या संस्था. अशा संस्था थोड्या आहेत, आणि त्या स्मॉगला नापास गाडी सहसा घेत नाहीत, कारण कन्व्हर्टरचा खर्च त्यांनाही परवडत नाही. तरी एक फोन करून बघायला हरकत नाही.

नाव ठरलं की दोन ठिकाणी तपासा. आयआरएस या अमेरिकी कर खात्याच्या साइटवर करमुक्त संस्था शोधण्याची सोय आहे. तिथे ती संस्था ५०१(सी)(३), म्हणजे दानावर करवजावट मिळू शकणारी धर्मादाय संस्था, म्हणून दिसते का बघा. मंदिरं आणि चर्च त्या यादीत नसली तरी पात्र असू शकतात. मग कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलच्या संस्था-नोंदवहीत जा. तिथे संस्थेची स्थिती ‘करंट’ हवी, ‘डेलिंक्वंट’ नको. मध्यस्थ कंपनीलाही तिथेच नोंद करावी लागते आणि दरवर्षी किती गोळा केलं, संस्थेला किती दिलं याचा हिशेब द्यावा लागतो. हे अहवाल कोणालाही वाचता येतात, पण फारसं कोणी वाचत नाही.

मराठी घरांत हमखास येणारा प्रश्न : गावाकडच्या शाळेला, आश्रमाला पैसे जावेत अशी इच्छा असेल तर? भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या दानावर अमेरिकेत करवजावट नाही. त्या कामासाठी अमेरिकेत नोंदलेली ५०१(सी)(३) संस्था असेल तर तिच्या नावे द्या. इथल्या मराठी मंडळाला द्यायची असेल तर मंडळाची नोंदणी कोणत्या प्रकारची आहे आणि गाडी स्वीकारायची सोय आहे का, ते समितीला आधी विचारा.

फोनवर मी हे प्रश्न विचारते, आणि उत्तर ईमेलवर मागते :

गाडी स्मॉगला नापास आहे, तरी घ्याल का? माझ्याकडून स्मॉग सर्टिफिकेट लागेल का?
विक्री लिलावात होणार, डिस्मँटलरकडे जाणार, की तुम्हीच वापरणार?
विक्रीच्या रकमेतून काय काय वजा होतं? संस्थेला टक्केवारीने मिळतं की गाडीमागे ठरावीक रक्कम?
पिंक स्लिपवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) कोणाचं नाव लिहायचं?
१०९८-सी फॉर्म (दान दिलेल्या गाडीची करासाठीची पावती) कोण पाठवणार आणि कधी?

पहिलाच प्रश्न टाळू नका. बहुतेक कार्यक्रम नापास गाडी आनंदाने घेतात, कारण ती परवानाधारक विक्रेत्यांकडे किंवा डिस्मँटलरकडे जाते. पण ‘चालते हो, छान आहे’ एवढंच सांगून गाडी सोपवणं मला पटत नाही. मी ईमेलमध्ये कोडासकट लिहिलं होतं आणि रिपोर्टचा फोटो जोडला होता. कन्व्हर्टर चोरीला गेलेला असेल, आणि २००४ ते २००९ च्या टोयोटा प्रायसमध्ये हे फार घडलं आहे, तर तेही आधीच सांगा.

पिंक स्लिप

मालकीच्या कागदाला इथे सगळे पिंक स्लिप म्हणतात, रंग आता तसा राहिला नसला तरी. कपाटातून काढून त्यावरची नावं बघा. दोन नावांमध्ये ‘अँड’ किंवा तिरकी रेघ असेल तर दोघांच्याही सह्या लागतात, ‘ऑर’ असेल तर एकाची पुरते. नवरा प्रोजेक्टसाठी बंगळुरूला गेलेला आणि टो ट्रक दारात, अशी वेळ येऊ देऊ नका. कर्ज फिटलं असूनही कागदावर बँकेचं नाव तसंच असेल तर बँकेकडून ते मोकळं करून घ्या. कागद हरवला असेल तर आरईजी २२७ फॉर्म. मॉडेल २०११ किंवा नंतरचं असेल तर ओडोमीटरचा आकडाही भरून द्यावा लागतो. २०१० आणि त्याआधीच्या गाड्यांना तो नियम नाही.

आता मनापासून एक सांगणं. गाडी घेणाऱ्याची जागा कोरी ठेवून सही करू नका. कोरोला न्यायला आलेल्या माणसाने मला अगदी सहज म्हटलं, ‘मॅडम, इथे फक्त सही करा, नाव ऑफिसमध्ये भरतील.’ मी विश्वासाने केली. तो कागद पुढे कोणाकोणाच्या हातून गेला ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि टोलच्या नोटिशीचं मूळ तिथेच आहे. संस्थेने ईमेलमध्ये जे नाव सांगितलं असेल, संस्थेचं किंवा तिच्या अधिकृत मध्यस्थाचं, ते स्वतःच्या हाताने लिहा, तारीख टाका, मग सही. दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

गाडी जायचा दिवस

टो ट्रक येण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी रिकामी करा. सीटखाली हात घातल्याशिवाय काम झालं असं समजू नका. आमच्या कोरोलात मागच्या सीटच्या फटीतून मुलाचं एक मोजं, सोळा क्वार्टर आणि माझ्या सासऱ्यांची जपमाळ निघाली. ती माळ आम्ही तीन वर्षं शोधत होतो. डॅशबोर्डवरचा गणपती चिकटपट्टीने घट्ट बसलेला असतो. हेअर ड्रायरची गरम हवा दोन मिनिटं दिली की अलगद निघतो, ओढून काढू नका. आता तो नव्या गाडीत आहे.

ग्लव्ह बॉक्समधली रजिस्ट्रेशनची आणि इन्शुरन्सची कागदं काढा, त्यांवर घरचा पत्ता असतो. गॅरेज उघडणारा रिमोट काढा. गाडीच्या स्क्रीनमध्ये फोन जोडलेला असेल तर तो आणि साठवलेले पत्ते पुसून टाका. टोल आपोआप कापणाऱ्या फास्टट्रॅकचा ट्रान्सपाँडर काचेवरून काढा, आणि फक्त तेवढ्यावर थांबू नका : फास्टट्रॅकच्या खात्यात जाऊन नंबर प्लेटही काढून टाका. पुलावरचे कॅमेरे प्लेट वाचतात, आणि प्लेट खात्यात राहिली तर पैसे तुमच्याच खात्यातून जात राहतात.

प्लेट मात्र गाडीलाच ठेवायची. कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीबरोबर जाते; पैसे भरून घेतलेली स्वतःच्या आवडीची असेल तरच ती काढून ठेवता येते.

टोइंग फुकट असतं. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर गाडी देऊ नका, संस्थेला फोन लावा. ट्रकवाल्याकडून तारीख, वेळ आणि गाडीचा व्हीआयएन (चॅसिस नंबर) असलेली पावती घ्या. ओडोमीटरचा आणि चारही बाजूंचा फोटो घ्या. ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंत आम्ही सगळे फुटपाथवर उभे होतो, मुलगा हात हलवत होता. हे कोणत्याही यादीत बसत नाही, पण त्यासाठी पाच मिनिटं ठेवा.

त्याच दिवशी : एनआरएल

पूर्ण नाव ‘नोटीस ऑफ ट्रान्सफर अँड रिलीज ऑफ लायबिलिटी’, म्हणजे गाडी दिली आणि तिची जबाबदारी आता आपली नाही असं कळवणं; फॉर्मचा नंबर आरईजी १३८. डीएमव्हीच्या साइटवर दहा मिनिटांत होतो, फी नाही. नियमाने पाच दिवसांची मुदत असते. मी म्हणते ट्रक गेला की लॅपटॉप उघडा. गाडीचा नंबर, व्हीआयएनचे शेवटचे आकडे, ओडोमीटर, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लागतं. शेवटी जे पोचपावतीचं पान येतं ते पीडीएफ करून ठेवा.

हा फॉर्म भरला नाही तर डीएमव्हीच्या दृष्टीने पार्किंगचा दंड, टोल, कुठे सोडून दिलेली गाडी उचलून नेण्याचा खर्च हे सगळं तुमच्याकडे येत राहतं. ‘संस्था भरेल’ असं आम्ही धरून चाललो होतो. संस्था तिचे कागद भरते, तुमचा हा फॉर्म भरत नाही. टोलच्या त्या नोटिशीसाठी मला टो ट्रकची पावती शोधून, पत्र लिहून, दोन महिने पाठपुरावा करावा लागला.

एनआरएल झाल्यावर, आधी नाही, इन्शुरन्स कंपनीला कळवून गाडी पॉलिसीतून काढा. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का तेही विचारा.

कराचं खरं चित्र

जाहिरातीत ‘टॅक्स डिडक्शन’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. त्यामागचा इतिहास असा. पूर्वी गाडी देणारे लोक पुस्तकातली बाजारकिंमत बिनधास्त दाखवत. २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या जीएओ या तपास संस्थेने दान झालेल्या ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा त्यांपैकी साधारण दोनतृतीयांश गाड्यांच्या बाबतीत संस्थेला मिळालेली रक्कम दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी निघाली. मग २००४ मध्ये कायदा बदलला आणि २००५ पासून नियम कडक झाले.

आता संस्थेने गाडी तशीच विकली, तर ५०० डॉलरच्या वर तुम्हाला फक्त विक्रीची रक्कम दाखवता येते. जुन्या गाड्यांच्या किमती सांगणारं केली ब्लू बुक काय म्हणतं याला महत्त्व नाही. गाडी ५०० किंवा त्याहून कमी रकमेला गेली, तर ५०० डॉलर किंवा गाडीची त्या दिवशीची खरी बाजारकिंमत, यांतली जी कमी असेल ती. ‘खरी’ म्हणजे स्मॉगला नापास गाडीची, चांगल्या अवस्थेतल्या गाडीची नव्हे. पूर्ण बाजारकिंमत दाखवता येते ती संस्थेने गाडी स्वतःच्या कामात बराच काळ वापरली, तिच्यात मोठी सुधारणा केली, किंवा गरजू माणसाला फुकट अथवा अगदी कमी किमतीत दिली तर. नापास गाडीच्या बाबतीत हे क्वचित घडतं.

पाचशेच्या वर वजावट दाखवायची असेल तर संस्थेकडून १०९८-सी फॉर्म हवाच. गाडी विकली गेल्यापासून ३० दिवसांच्या आत तो यायला हवा. त्यातली कॉपी बी रिटर्नला जोडायची, आणि फॉर्म ८२८३ ही भरायचा. १०९८-सी वर तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, त्यामुळे संस्था तो मागणारच. पण टो ट्रकवाल्याला किंवा आलेल्या फोनवर देऊ नका, संस्थेच्या स्वतःच्या फॉर्मवरच द्या.

एवढं सगळं करूनही वजावट उपयोगी पडते ती ‘आयटमाइझ’ करणाऱ्यांनाच, म्हणजे सरसकट ठरलेल्या वजावटीऐवजी (स्टँडर्ड डिडक्शन) एकेक वजावट वेगळी दाखवणाऱ्यांनाच. २०२६ सालासाठी स्टँडर्ड डिडक्शन एकट्याला १६,१०० आणि जोडप्याला ३२,२०० डॉलर आहे. घराचं मोठं कर्ज आणि प्रॉपर्टी टॅक्स असलेल्या बे एरियातल्या घरांचा हिशेब त्याच्या वर जाऊ शकतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा बहुधा जात नाही. आमचा कोरोलाच्या वर्षी गेला नव्हता, म्हणून त्या पावतीचा कराला काडीचाही उपयोग झाला नाही. २०२६ पासून आणखी एक बदल आहे : आयटमाइझ न करणाऱ्यांनाही रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. रोख देणगीवर, गाडीवर नाही. म्हणजे कॅपमधून पैसे घेऊन ते रोख दान करण्याच्या बाजूने हे एक कारण वाढलं. तुमचा सीपीए (कर सल्लागार) असेल तर दोन्ही पर्याय आकड्यांनिशी त्याच्यासमोर ठेवा.

कॅलिफोर्नियाबाहेर राहत असाल तर

आयआरएसचे नियम सगळीकडे हेच, गाडीचे नियम मात्र राज्याराज्यांत बदलतात. न्यू जर्सीत प्लेट काढून मोटर व्हेइकल कमिशनला परत करायची असते, गाडीवर सोडायची नसते. टेक्सासमध्ये २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली, पण ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन यांच्या आसपासच्या काउंटींमध्ये धुराची तपासणी अजून लागतेच. प्लेट तिथेही काढून घ्या. सिअॅटलच्या मंडळींना हा प्रश्नच उरला नाही, वॉशिंग्टन राज्याने १ जानेवारी २०२० पासून धुराची तपासणी बंद केली. मोडीत काढायचे पैसे देणारी योजना तुमच्या राज्यात आहे का, ते मात्र गाडी कोणाला द्यायच्या आधी शोधा.

शेवटी एक फाइल करा, कागदाची किंवा फोनमधली : स्मॉगचा रिपोर्ट, संस्थेचा ईमेल, पिंक स्लिपचे फोटो, टो ट्रकची पावती, एनआरएलची पोचपावती, १०९८-सी. रिटर्न भरल्यापासून निदान तीन वर्षं ती ठेवा. आमची ओडिसीची फाइल स्वयंपाकघरातल्या त्याच खणात आहे जिथे पासपोर्ट असतात, आणि अजून एकदाही उघडावी लागलेली नाही.